थोरल्या काकूंचा बोपॉट

आमच्या थोरल्या काकूंना जगात कोणाचाच हेवा वाटत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि मागोमाग शेजारणीच्या पडद्यांना नावं ठेवत.

काका आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून पाहुण्यांना राहायला भाड्यानं खोल्या देत. आत शिरलं की दारासमोर गोल टेबल, आणि टेबलावर काकूंचा बोपॉट. हा शब्द पूर्वी राहून गेलेल्या एका म्हाताऱ्या पाहुणीचा. फुलदाणीलाही ती बोपॉट म्हणे आणि तिच्यातल्या गुच्छालाही. इंग्रजीच, पण इतका जुना शब्द की हल्लीचे इंग्रजी बोलणारे पाहुणेसुद्धा तो ऐकून बावचळत. काकूंना त्याचंच सुख. घराच्या किल्ल्या कोणाच्याही कमरेला असोत, बोपॉट त्यांचा. फुलं आठवडाभर टवटवीत राहत. कसं काय, म्हणून कोणी विचारलंच तर काकू बोटं नाचवत. "हाताचा गुण आहे हो. शिकवून येत नाही."

मग एकदा काकूंना ताप आला, आणि धाकटीनं, म्हणजे त्यांच्या जावेनं, बोपॉट भरला.

काकू अंथरुणातून कान देऊन होत्या. "वा! आज बोपॉट काय सुरेख झालाय!" कोणी पाहुणा म्हणाला. काकू शाल गुंडाळून बाहेर हजर.

"हो ना," त्या म्हणाल्या, "भांडं माझंच आहे."

"वहिनी, तुम्ही कशाला उठलात?" धाकटी म्हणाली. "पडा ना जरा. यापुढे हे मीच बघत जाईन."

यापुढे! तापानं तापलं नव्हतं एवढं काकूंचं अंग त्या एका शब्दानं तापलं. टेबल एकदा हातचं गेलं की गेलंच.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. धाकटीनं देठांची खालची पानं काढलीच नव्हती. म्हणजे पानं पाण्यात कुजणार, पाणी घाण मारणार आणि फुलं माना टाकणार. काकूंना एकदम हुशारी वाटली. सांगतात थोड्याच! "छान हं," एवढंच म्हणून त्या पुन्हा पांघरुणात शिरल्या.

ताप उतरला, फुलं काही उतरेनात. काकू येता-जाता बोपॉटपाशी नाक नेत. वास नाही. ॲस्टर आपले हवालदारासारखे ताठ. प्लॅस्टिकचे आहेत की काय मेले, म्हणून त्यांनी एका पाकळीला चिमटा काढला. पाकळी खरी निघाली.

शेवटी एका सकाळी, कोणी उठायच्या आत, त्या बघायला आल्या. टेबल रिकामं! मोरीत काका बनियनवर उभे, एका हातात फुलं, दुसऱ्या हातात बोपॉट.

"हे काय चाललंय?"

"पाणी बदलतोय. रोजच बदलतो."

"रोज? म्हणजे माझ्याही...?"

"पहिल्यापासून. तुला ठाऊक नव्हतं?"

इतक्या वर्षांचा हाताचा गुण काकूंच्या डोळ्यांदेखत मोरीतून वाहून गेला. पण काकूंना लागलं ते भलतंच.

"आणि तिच्याही फुलांचं बदलता?"

"अगं, पाण्याला काय कळतंय फुलं कोणाची ते!"

"पाण्याला नसेल कळत. तुम्हाला कळतं ना?"

काकांनी बोपॉट खाली ठेवला. "बरं, सोडतो. पण मग दोघींचं सोडतो. एकीचं केलं आणि दुसरीचं टाकलं, तर धाकट्याला तोंड कसं दाखवू?"

काकूंनी मनात हिशेब मांडला. काकांनी सोडलं तर धाकटीची फुलं मरणार हे खरं, पण त्यांची स्वतःची तरी कुठे जगणार होती? आणि ताजं पाणी भरायला काकांच्या वेळेला उठायचं म्हणजे...

"असं करा," त्या म्हणाल्या. "तिला जिन्यापाशी एक टेबल मांडून द्या. लहान बघून. दारासमोरचं माझं."

"आणि पाणी?"

"दोघींचं बदला. पण आधी माझं."

काका कबूल झाले. तरी तेव्हापासून काकू रोज त्यांच्याआधी उठून मोरीच्या दाराशी उभ्या असतात. विश्वास नाही असं नाही म्हणे, जाग येते आपली.