अशोकच्या नावाने आलेली जाहिरात

भूतबाधा, अंगात येणं यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, बहुधा आजही नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यात विज्ञान शाखा... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. धुळ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत एका भाऊंचं इंटरनेट सेंटर होतं. कॉलेज सुटल्यावर मी तिथे बसायचो. गिऱ्हाइकांकडे स्वतःचा ईमेल नसायचा. परगावी गेलेल्यांची पत्रं सेंटरच्याच पत्त्यावर यायची आणि आम्ही छापून द्यायचो.

जाहिरातींचा त्रास वाढला म्हणून मी एक फिल्टर बसवला. अनोळखी पत्र तो टाकून द्यायचा. पण आपण ज्याला एकदा लिहिलं, तो आपोआप विश्वासातला — त्याच्या नावाने काहीही आलं तरी तपासणी नाही.

आणि पत्राला उत्तर न देणं म्हणजे अपमान, हे आमच्या घरचं वळण. मी प्रत्येक जाहिरातवाल्याला लिहिलं, ‘आदरणीय महोदय, कृपया जाहिराती पाठवू नयेत.’ खाली गिऱ्हाइकांच्या नातलगांचे पत्तेही दिले, त्यांनाही त्रास नको म्हणून. झालं उलटंच. जाहिरातवाले विश्वासातले ठरले, आणि काहीजण त्याच पत्त्यांची नावं लावून जाहिराती धाडू लागले. हे मला उशिरा कळलं.

शिंदखेड्याच्या अक्कांचा अशोक मस्कतला होता. कित्येक महिने त्याची खबर नव्हती. एका दुपारी पडद्यावर त्याचं नाव दिसलं. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, म्हणून न वाचताच मी एसटीच्या कंडक्टरकडे निरोप धाडला. अक्का दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या.

“वाच ना भो, काय लिखेल शे?”

उघडलं, तर इंग्रजीत टकलावर केस उगवायचं औषध.

“अक्का, अशोकनी तठे दवाखाना टाका वाटस,” शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं. सगळे हसले. मला मान वर करवेना.

पण सगळ्यात खाली इंग्रजी अक्षरांत आणखी एक ओळ होती. मी वाचली — “माय, डावा डोया आते कसा शे?”

अक्कांचा हात डोळ्याकडे गेला. महिन्यापूर्वी जळगावला बहिणीकडे राहून त्यांनी मोतीबिंदू काढून घेतला होता. अशोकला घोर नको म्हणून कुणालाच कळवलं नव्हतं. मलाही ते तेव्हाच कळलं.

“अक्का, हे अशोकचं नाही. कुणीतरी नाव लावलंय,” मी कसंबसं म्हणालो.

“मंग डोयानं त्याले कोनी सांगं?”

त्या गेल्यावर भाऊंनी ती सगळी पत्रं पुसायला लावली.

दिवाळीआधी अशोक स्वतःच आला. काम बदललं होतं, वाळवंटातल्या कॅम्पवर साधा फोन नव्हता. ती ओळ त्याची नव्हती. ऑपरेशनचंही त्याला घरी आल्यावर समजलं.

मायलेक सेंटरवर आले. “तूच लिखेल व्हतं ना रे भो, मना जीवले बरं वाटाले?” अक्का मला म्हणाल्या. “जयगावथून कोनी सांगं व्हई तुले.”

नाही म्हटलं असतं, तर जाहिरातवाल्यांना मी दिलेल्या उत्तरांची सगळी हकिकत सांगावी लागली असती. मी होकारार्थी मान हलवली.

“त्या एका ओळीवर माय तगली,” अशोक म्हणाला आणि त्याने माझा हात धरून ठेवला.

ती ओळ मी लिहिलेली नाही. कुणी लिहिली, हे मला आजही सांगता येत नाही. अक्का धुळ्याला आल्या की अजून मला भेटायला येतात, माझ्या तोंडावरून हात फिरवतात... मी खाली बघतो.