भांडणं परिशिष्टात

प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती घेऊन मी बाइंडरच्या दुकानातून बाहेर पडलो. काळा कापडी पुठ्ठा आणि त्यावर सोनेरी अक्षरं: 'वऱ्हाडातील मृत्युप्रसंगीच्या स्त्री-शोकोक्ती आणि त्यांतील सांस्कृतिक मूल्ये : एक चिकित्सक अभ्यास'. एवढं सगळं एका ओळीत मावत नव्हतं, म्हणून बाइंडरनं 'चिकित्सक' हा शब्द खालच्या ओळीत एकटाच बसवला होता. तो तिथे फारच अवघडल्यासारखा दिसत होता. साध्या भाषेत विषय एवढाच, की आमच्याकडे कुणी मेलं म्हणजे बायका कशा रडतात.

उपसंहारात मी लिहिलं होतं की दिवंगताच्या गुणांचं स्मरण हे या शोकोक्तींचं मुख्य प्रयोजन होय. हे वाक्य माझ्या मार्गदर्शकांना फार आवडलं. ते खरं नाही, हे आमच्या गावातली कुठलीही बाई त्यांना सांगू शकली असती. निदान मी विषय घेतला तेव्हा तरी.

विषय आधी असा नव्हता. मी जळगाव जामोद तालुक्यातल्या एका गावी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. तालुक्याच्या गावी कॉलेज निघणार अशी बोलवा होती आणि कॉलेज निघालं तर डॉक्टर झालेला माणूस त्यांना लागणार होता. तो आपणच का असू नये, अशा हिशोबानं मी 'मराठी काव्यातील करुणरस : उगम आणि विकास' हा विषय नोंदवून आलो. रसाचा उगम शोधायला लागणारी पुस्तकं गावात नव्हती, तालुक्याला नव्हती, आणि गाडी पकडायला नांदुऱ्याला जावं तर तिथे कापूस आणि धान्य सोडून कशाचीच कुणाला फिकीर नव्हती. दोन वर्षं मी प्रस्तावना लिहिली. तिच्यात रस या शब्दाचे अर्थ होते. पुढे काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं आणि मार्गदर्शकांनाही नसावं, कारण ते दर भेटीत 'खोल जा' एवढंच सांगत.

मग शेजारच्या घरी म्हातारी वारली. माझी माय तिच्या अंगावर पडून रडू लागली आणि मी ओट्यावर बसून पहिल्यांदाच ते शब्द कान देऊन ऐकले. जन्मभर ऐकत आलो होतो, पण भाकरीची चव जशी कुणी लिहून घेत नाही तसंच ते होतं.

आमच्याकडे बाई रडते ती बोलत रडते. हेल काढून, मेलेल्या माणसाला समोर बसवल्यासारखं. आणि बोलते ते केवळ चांगलं नसतं. "तू मले दुधाले भांडं देलं नाही वं बाई, मायं लेकरू रडे, तू कवाड लावून घेतलं वं," अशी माय त्या म्हातारीला म्हणत होती. "मंग त्याच लेकराले ताप आला तं रातभर तूच बसली वं माये." म्हातारीच्या सुना मान हलवत होत्या. कुणाला राग नव्हता. मेलेल्याशी जे भांडण उरलं असेल ते त्या दिवशी सगळ्यांच्या देखत बोलून टाकायचं आणि मग ते मिटलं, अशी रीत होती. पुन्हा त्याचा विषय निघत नसे. मात्र जिवंत माणसाचं उणं त्यात काढायचं नाही, हा नियम कडक. हिशोब फक्त जाणाऱ्याचा. रडून झालं की माय नाक पुसून म्हणाली, "चाय ठेवा वं कोनी, पावने दुरून आले." आणि चहा झाला.

मी हे मार्गदर्शकांना सांगितलं. ते खुर्चीत सरळ बसले. "लोकसाहित्याला बरे दिवस आहेत," ते म्हणाले. "नवं राज्य आहे. लोकांचं म्हणून काहीतरी हवंच आहे सर्वांना." रसाचा उगम तिथेच राहिला आणि विषय बदलला. 'रडणे' हा शब्द विद्यापीठाच्या समितीपुढे जाणार नाही, म्हणून त्यांनी 'शोकोक्ती' हा शब्द तयार केला. तो मी आमच्या आत्याला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "हे खायाची वस्तू हाय का लावायची?"

आत्या म्हणजे माझ्या बापाची धाकटी बहीण. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्याच गल्लीत वेगळं राहू लागली. पंचक्रोशीत रडण्यात तिच्या तोडीची फक्त माझी माय. दोघींचं ठरलेलं होतं, जी आधी जाईल तिला दुसरी रडेल. हे त्या दोघी उन्हाळ्यात सांड्या-कुरड्यांचं वाळवण घालताना इतक्या सहज बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं बाजारातून कोण काय आणणार हे ठरतंय.

"तू गेली तं तुयी सारी कंजुषी काढतो," आत्या म्हणायची.

"काढ ना. तुया तोंडाचं कोनाले भेव हाय?" माय म्हणायची.

पण मायच्या मनात कंजुषी नव्हती. दुसरंच होतं, आणि ते तिनं आजारी पडल्यावर मला सांगितलं. बाप गेला त्या वेळी दोघींचं बोलणं बंद होतं. कशावरून ते मायलाही आठवत नव्हतं, म्हशीच्या वैरणीवरून असावं. आत्या तेव्हा लांब आपल्या मुलीच्या सासरी गेली होती. बापाचं दुखणं वाढलं तरी मायनं निरोप पाठवला नाही. उद्या पाठवू, उद्या पाठवू, करत राहिली. आत्या आली तेव्हा सरण पेटून गेलं होतं. सख्ख्या भावाचं तोंड तिला दिसलं नाही. त्या दिवशी ती भावाला रडली, पण वहिनीचं नाव तिनं काढलं नाही, कारण वहिनी जिवंत होती. पुढे बोलणं सुरू झालं, सांड्या-कुरड्या सुरू झाल्या, आणि त्या गोष्टीवर दोघींपैकी एकीनंही कधी एक शब्द काढला नाही.

"तिच्या पोटात हाय ते," माय म्हणाली. "मी मेल्यावर ती ते म्हनीन. म्हनलं पाहिजे तिनं, चार लोकायच्या देखत. त्याबिगर मले सुटका नाही."

"तूच आता बोलून टाक ना तिच्याशी," मी म्हणालो.

माझ्याकडे तिनं असं पाहिलं, जणू मी करुणरसावरची प्रस्तावना वाचून दाखवतोय. "जित्यापनी असं कोनी बोलते काय बे?"

या सगळ्याच्या मध्ये पंचायत समितीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. नवं राज्य, नवी समिती, नवी इमारत आणि तिच्यासमोर इमारतीहून मोठा मंडप. सभापतींना माझ्या संशोधनाची बातमी लागली होती. कार्यक्रमात 'लोककला दर्शन' होतं, त्यात भजन होतं, लेझीम होतं, आणि रडणंही असावं असं त्यांचं म्हणणं. माझे मार्गदर्शक प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. माय आली नाही. आत्या नवं लुगडं नेसून आली.

मंचावर माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. आत्यानं मंडपभर पाहिलं आणि विचारलं, "रडाले मेलं कोन?"

हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. कुणी मेल्याशिवाय रडणं म्हणजे घरावर अभद्र ओढवून घेणं. आत्या ते करणार नव्हती. सभापती जरा गोंधळले, मग त्यांनी मंचावरच्या फोटोकडे बोट दाखवलं. नुकत्याच वारलेल्या एका थोर पुढाऱ्याचा तो फोटो होता आणि त्याला ताजा हार घातला होता.

"आत्याबाई, यायले रडा ना. सारा देश रडून राह्यला."

आत्यानं फोटो निरखला. "यायचं अन् मायं काय लागते?"

"सगळ्यायचंच लागते, आत्याबाई."

आत्या रडली. आवाज तोच, हेल तोच. पण त्या माणसाच्या चुलीवरचं तिनं कधी खाल्लं नव्हतं, त्याच्याशी तिचं धुण्यावरून की शेताच्या धुऱ्यावरून कधी वाजलं नव्हतं. मग उरले ते गुण. तू देवासारखा होता, तू गुनाची खान होता, साऱ्या देशाले पोरकं करून गेला. पुढच्या रांगेतल्या साहेब लोकांनी रुमाल काढले. मार्गदर्शक माझ्या कानाशी म्हणाले, "शुद्ध करुणरस!" आपला जुना विषय शेवटी आपल्याला भेटला, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आत्याला शाल आणि नारळ मिळाला. शाल तिनं पेटीत ठेवली, नारळाची चटणी केली.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. पुढच्या मयतीला बायका आत्याला म्हणाल्या, "मंडपात रडली होती तसं रड." मोठ्या घरांतून तिला बैलगाडी येऊ लागली. गाडी घेऊन येणारा गडी घरच्यांचा निरोप सांगे की उणंदुणं काढू नका, पाहुणे आहेत. हळूहळू ती न सांगताही काढेनाशी झाली, आणि तिचं ऐकून बाकीच्याही. सगळ्याच मेलेल्या बाया गुणाच्या खाणी होऊ लागल्या. मी ज्या घरी वही घेऊन जाई तिथून पुन्हा तेच शब्द लिहून येई. मार्गदर्शकांच्या मते हा विषयाचा विकास होता. शीर्षकात त्यांनी 'सांस्कृतिक मूल्ये' घातली ती याच सुमारास. मी आधी टिपलेली भांडणं त्यांना अडचणीची वाटली. ती फारच घरगुती आहेत, ते म्हणाले, परिशिष्टात टाका. मी टाकली.

माय खाटेवर होती तेव्हा पलीकडच्या गल्लीत कुणी गेलं. आत्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. मायनं थोडा वेळ ऐकलं.

"हे काय रडनं हाय?" ती म्हणाली. "हे तं आरती हाय. तिले सांगजो, माया वक्ताले असं करू नको म्हनावं."

मी त्याच दिवशी आत्याला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "हाव. मले काय समजत नाही काय? तिचं अन् मायं वेगळं हाय." आणि पुन्हा पाखडू लागली. मी निर्धास्त झालो. मायलाही तसं सांगितलं. तिनं मान हलवली. त्यानंतर ती मरणाबद्दल काही बोलली नाही, फक्त म्हशीला वेळेवर पाणी दाखवा म्हणायची.

एका सकाळी ती गेली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. शाळेला सुटी झाली आणि हेडमास्तर सगळ्या मास्तरांना घेऊन आले. गड्यांनी शाळेतून खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. सभापतीही आले. मी आता संशोधक होतो ना. लोक येत, खुर्च्यांवर बसत, आणि खुर्चीवर बसलेला माणूस जसा बसतो तसे बसत.

आत्या आली. चौकट धरून दारातच थांबली आणि तिनं "वयनी वं" म्हटलं. तो जुना आवाज होता. मायच्या पायथ्याशी बसून तिनं पुन्हा "वयनी वं, तू मले" एवढं म्हटलं. मग तिची नजर उघड्या दारातून अंगणात गेली. तिथे खुर्च्या होत्या. तिचा आवाज मध्येच थांबला, तिनं पदर सारखा केला, आणि पुढे सुरू झाली. तू देवासारखी होती. तू गुनाची खान होती. साऱ्या देशाले पोरकं करून गेली.

माय अकोल्याच्या पुढे कधी गेली नव्हती. कुणी हसलं नाही. सभापती गंभीरपणे मान हलवत होते. मी वाट पाहत बसलो. आत्ता म्हणेल, तिरडीची बांधाबांध होईपर्यंत म्हणेल, उचलताना तरी म्हणेल. उचलताना बायका एकदम ओरडल्या, त्यात आत्याचाही आवाज होता, पण त्यात शब्द नव्हते.

तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा आत्या ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ ती हाताची बोटं चोळत होती.

"बरं झालं ना बापू?" तिनं विचारलं. "काई चुकलं तं नाही?"

"चांगलं झालं आत्या."

"साहेब लोक आलते. तुयी इज्जत हाय आता. लोकायच्या पुढं घरचं काय काढावं म्हनलं."

मी विचारलं, "बाप गेला तेव्हाचं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते माहीत आहे याचं तिला नवल वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

"ते तं व्हटावर आलतं रे," ती म्हणाली. "आता कोनाले म्हनू? वेळ गेली. ते आता मायाच पोटात राह्यलं."

"मला सांग," मी म्हणालो.

"तुले सांगून काय होते? तू कोन हायेस?" ती उठली. गोठ्यात म्हैस रेकत होती. आत्यानं बादली उचलली आणि ती विहिरीकडे गेली.