पूजेची पाळी आणि माझे पहिले मत

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ मी एकट्याने घेतली. पत्नी आदल्या हिवाळ्यातच गेली होती. पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवण्याची प्राथमिक निवडणूक आली आणि मतपत्रिका टपालाने बेलव्ह्यूच्या घरी पोहोचली. ऐंशीव्या वर्षी या देशातले माझे पहिले मत. पंचांगात एकादशी पाहिली, स्नानसंध्या आटोपून देवापुढे बसून मतपत्रिका भरली आणि त्याच दिवशी ग्रंथालयाबाहेरच्या मतपेटीत टाकली.

मतदानाची मुदत संपायला दोन आठवडे होते. तेवढ्यात आमच्याआधी मतदान झालेल्या राज्यांचे निकाल लागले आणि मी निवडलेल्या बाईंनी माघार घेतली.

"आजोबा, शी ड्रॉप्ड आउट! तुमचं व्होट वेस्ट झालं," नात म्हणाली.

मुलगा हसला. "बाबा, इथे शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं असतं. तुम्ही मुहूर्त काय बघत बसलात!"

"अर्घ्याचे पाणी ओंजळीत परत येत नाही रे," मी म्हणालो. तोवर तो फोनवर बोलू लागला होता.

मतपेटीपाशी लावलेली सूचना मला आठवली: कोणत्या राज्याने आधी मत द्यायचे, हा क्रम बदलावा की नाही, यावर ग्रंथालयात सभा होती. मी गेलो. कोणी म्हणाले, सर्व राज्यांनी एकाच दिवशी मत द्यावे. कोणी म्हणाले, देशाचे चार विभाग करून पहिला मान फिरता ठेवावा. मी उठून, सावकाश इंग्रजीत, आमच्या गावच्या देवळाची रीत सांगितली. पूजेचे मानकरी चार घराणी. यंदा जे पहिले, ते पुढल्या वर्षी शेवटचे. त्यावरून कधी तंटा झाल्याचे मी ऐकले नाही.

सभेच्या अध्यक्षबाईंनी नम्रपणे विचारले, "पहिली पाळी ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या आणि आपला विभाग शेवटचा निघाला तर?"

मी मनात हिशेब केला. निवडणूक दर चार वर्षांनी; पद्धत पुढच्या निवडणुकीपासून सुरू झाली, तरी आमचा पहिला मान आजपासून सोळा वर्षांनी; म्हणजे माझ्या शहाण्णवाव्या वर्षी.

"तरीही," मी म्हणालो, आणि फिरत्या पाळीच्या बाजूने हात वर केला. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मी माझी शाल ठेवली होती.

नात गाडी घेऊन न्यायला आली. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, "बाळ, तुझ्या वेळी आपली पाळी पहिली येईल, बघ."

तिने एका कानातला इअरफोन काढला. "हं? काय, आजोबा?"

सिग्नल हिरवा झाला. मी पुन्हा सांगितले नाही.