आक्काच्या लेकाचं जांभूळ

सभेत कोणी लांबण लावली की आक्का उठायची आणि त्याच्या हातात कुदळ द्यायची. "तोंड लय चाललं, आता हात चालू द्या." सरपंचालासुद्धा तिनं असाच खड्डा खणायला लावला होता. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. मी पाहिली ती आमच्या गावच्या बाग मंडळात.

माझी शाळा चौथीत सुटली, पण मंडळ कोणी काढलं हे मलाच विचारा. आक्कानं काढलं. शाळेचं मेंदीचं कुंपण, एसटी थांब्यामागची फुलबाग, सगळं तिचं. शेवटी तिनं स्मशान धरलं. माणूस गेलं की रक्षा रामकुंडावर नेऊन गंगेत सोडायची नाही, इथंच खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं.

मी आडवा गेलो. "गंगा सोडून आमची माणसं चिखलात घालता?"

"भाऊ, झाडापाशी येऊन रडता येतं. वाहत्या पाण्याला कुठं गाठाल?"

मी हटलो नाही. पुढं बायकोची रक्षा तिथं घातली, ती बायकोनंच मरताना सांगून ठेवलं होतं म्हणून.

मग आक्काचा एकुलता लेक अंबडच्या कारखान्यातून येताना ट्रकखाली गेला. त्याच्या रक्षेवर तिनं जांभूळ लावलं. ते छातीला लागलं तेव्हा रस्ता रुंद करायचं निघालं आणि स्मशानाच्या कडेची झाडांची रांग रस्त्यात आली. मंडळानं ते जांभूळ मुळासकट उचलून मागच्या अंगाला लावलं. पोराच्या मयतीला नव्हती एवढी माणसं त्या दिवशी होती.

दुसऱ्या दिवसापासून जो तो तांब्या घेऊन येऊ लागला. शेजारणी यायच्या, शिफ्ट सुटलेली पोरं बाटल्या रिकाम्या करायची. काळी माती, पाणी जिरेना.

"नका रे घालू, मुळं कुजतील," आक्का म्हणाली.

"असू द्या आक्का, त्याला लय तहान लागायची," त्याचा दोस्त म्हणाला.

तिनं तोंड फिरवलं. पोराला पाणी पाजणाऱ्याचा हात आई कशी धरणार? मी काठी घेऊन बसलो, भांडलो. मी उठलो की लोक घालून जात.

पानं पिवळी पडली, गळाली. एक दिवस आक्कानं खोड हलवलं तर ते हातात आलं. मुळांना वास सुटला होता. "पुन्हा गेला," एवढंच म्हणाली. सभेला परत आली नाही.

यंदा तीही गेली. आम्ही मंडळींनी लेकाच्या जागेशेजारी खड्डा खणून ठेवला, रोप आणलं. सावडायला तिची पुतणी होती. राख गोळा करून तिनं गाठोडं छातीशी धरलं. मी खड्ड्याकडं हात केला.

"नाय बाबा. काकूनं बजावलंय, मला गंगेतच सोड. तिथं कोनी पाणी घालायला येत नाय."

रिक्षा रामकुंडाकडं गेली. आम्ही खड्ड्याभोवती उभे राहिलो. रोपाला कोणी हात लावेना.