बापाची मेणबत्ती

"इफिसकरांस पत्र. दुसरा अध्याय, आठवं वचन. काढ."

मला बघायला बोलावलं होतं. धुळ्यात, त्यांच्याच बंगल्यावर. चहा झाला, आणि मुलाच्या वडिलांनी माझ्या मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं बायबल ठेवलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट, तीन पिढ्या शिकलेल्या. त्यांच्याकडे सून आणायची तर आधी वचन काढायला लावतात.

मी पुढून पानं उलटत होते. पत्रं मागच्या बाजूला असतात हेही मला माहीत नव्हतं. घाम हाताला. पान फाटलं थोडं.

"बी.ए. ना तू?" ते म्हणाले. "का बी.ए.ला पण फादरच बसले होते?"

सगळे हसले. मुलगाही हसला, मोबाइलमधून डोकं वर न काढता.

आम्ही कॅथलिक. बाप फैजपूरकडे ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा. घरात बायबल नव्हतं, मरियाबाईचं कॅलेंडर होतं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचो, वाचन ऐकायचो. लहानपणी मी एकदा धर्मशिक्षणाच्या सरांना काही विचारलं, तर म्हणाले, "पोरी, अर्थ फादर सांगतात. आपण ऐकायचं." ऐकलं. बी.ए. झाले तरी ऐकतच राहिले.

मग मुख्याध्यापकांनी मुद्द्याचं काढलं.

"तुमच्यात कबरीवर मेणबत्त्या लावून मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. आमच्या घरात हे चालणार नाही. पवित्र शास्त्रात कुठं लिहिलंय? दाखव."

बाप जाऊन दोन वर्षं झालेली. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी आणि आई त्याच्या मातीवर मेणबत्ती लावतो. त्याच्यासाठी तेवढंच करता येतं आम्हाला.

"फादर सांगतात," मी म्हटलं.

"फादर सांगतात! आणि तुझं डोकं?"

कान तापले माझे. कारण अर्धं खरं होतं ते. माझ्या बापासाठी मी काय करते, का करते, याचं माझं स्वतःचं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात आईनं हात जोडले. आई शिरपूरकडची, अहिराणीच बोलते. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "पोर शानी शे, भाऊ. बठ्ठं सोडी दी ती."

बठ्ठं. सगळं. त्या सगळ्यात माझा बाप होता. चांगलं घर हातचं जाऊ नये म्हणून माझ्या आईनं आपला नवरा सोडून दिला, परक्या सोफ्याच्या कडेवर बसून.

मी बायबल मिटलं. टीपॉयवर ठेवलं.

"काका, मेणबत्ती मी लावणार. तुमच्या घरात नाही लावू दिली तर तुमच्या घरात येणार नाही."

"उद्धट आहे," त्यांची बायको म्हणाली. आम्ही उठलो.

परतीच्या एसटीत आई जळगावपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मलाही ताठ मानेनं बसता येईना. नकार दिला होता, उत्तर कुठं दिलं होतं?

दुसऱ्या दिवशी फादरकडे गेले. बायबल मागितलं.

"काय अडलं? मी सांगतो ना."

"सांगू नका. द्या."

त्यांनी दिलं. पहिल्या पानापासून वाचायला बसले. वाचता वाचता सापडलं. आमच्या बायबलातल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात. लढाईत पडलेल्या माणसांसाठी जिवंत माणसं प्रार्थना करतात. प्रॉटेस्टंट ते पुस्तक शास्त्रात धरतच नाहीत. मुख्याध्यापकांच्या त्या काळ्या पुठ्ठ्यात ते मला सापडलंच नसतं, कितीही पानं उलटली असती तरी.

हे दाखवायला मी धुळ्याला जाणार नाही. इफिसकरांचं ते वचनही वाचलंय आता: तारण आपल्या हातून होत नाही, ते देवाचं दान आहे. ते मला आवडलं. हेही कुणाला सांगायला जाणार नाही.

आई अजून नीट बोलत नाही. असू दे. नोव्हेंबर येईल. बापाच्या मातीवर मेणबत्ती लावीन, पुस्तक उघडीन आणि मोठ्यानं वाचीन, आईला कळेल अशा अहिराणीत. अर्थ मी लावीन. चुकला तर माझा चुकेल.