जबाबकाकांना कोणी काढलं?

वसुली कंपनीने मला फसवलं. कर्ज घेताना बँक सहीचा कोरा चेक ठेवून घेते. इथे शारजात सगळेच देतात, मीही दिला. मंदीत माझं काम बसलं, हप्ते थकले आणि बँकेने वसुली त्या कंपनीकडे सोपवली. बाकी होती एक लाख दहा हजार दिरहम. कंपनीने माझ्या चेकवर लिहिले दोन लाख साठ हजार आणि दावा ठोकला. बरोबर ट्रॅव्हल बॅन. देश सोडायचा नाही.

असा कागद हातात पडला की शारजातला मराठी माणूस कोर्टाजवळच्या टायपिंग सेंटरमध्ये जबाबकाकांकडे जायचा. मिरजेचे गृहस्थ, तीस वर्षं तिथे नोकरीला. दाव्यांना अरबीत जबाब लिहून द्यायचे, म्हणून हे नाव. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. पुरावा नसलेला एक शब्द टाइप करायचे नाहीत.

"लिहा काका, हे चोर आहेत!" मी टेबलावर हात आपटला.

"लिहितो की. चोरीची पावती आणलीस?"

मग त्यांनी बिनदुधाचा सुलेमानी चहा पुढे सरकवला. माणूस ओरडून थकेपर्यंत ते चहाच पाजायचे.

औद्योगिक क्षेत्रात माझं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं. भाव पाडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. काकांची फी दीडशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे अठराशे रुपये. मी एकशे वीसवर आणली. "तीस सोडले," ते म्हणाले, "पण हा तुझा आजार आहे हं."

तो आजारच नडला. वसुलीवाल्याचा फोन आला, "हबीबी, पाँच हजार भर दो, बाकी बैठके बात करेंगे." मला वाटलं, गिऱ्हाईक नरमलं. घासाघीस करून मी त्याला नव्वद हजारांवर आणलं, पाच हजार मोजले, त्याने पुढे केलेल्या अरबी कागदावर सही केली आणि ऐटीत काकांकडे गेलो.

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला. "यात लिहिलंय, दोन लाख साठ हजार तुला कबूल आहेत आणि त्यातले पाच फेडलेस. नव्वदचा उल्लेखही नाही."

"पण मी तर भाव पाडला!"

"अरे, भाव पाडायला बसलास म्हणजे सौदा मान्य केलास. ते हेच लिहून घेणार."

बायको-मुलगी भारतात परत गेल्या होत्या. शुक्रवारच्या सुट्टीत मी शेजारच्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर गाडी उभी करून बसायचो. पुढे नुसतं पाणी. संध्याकाळी पुन्हा शारजा.

काकांनी माझी बँकेच्या कागदांची खोकी घरी नेली. सहा शुक्रवार बसून प्रत्येक हप्ता जुळवला. जबाब झाला दोन पानांचा. त्यात एकही शिवी नव्हती, याचा मला तेव्हा फार राग आला. त्यांनी एकच मागणी केली होती : हिशेब तपासायला कोर्टाने तज्ज्ञ नेमावा. कोर्टाने नेमला.

त्याच आठवड्यात वसुलीवाला टायपिंग सेंटरच्या मालकाला भेटून गेला. दुसऱ्या दिवशी मालक काकांना म्हणाला, "खलास. कलसे मत आना." नोकरीबरोबर व्हिसाही रद्द, देश सोडायला तीस दिवसांची मुदत. एकसष्टाव्या वर्षी काकांनी एका बॅगेत संसार भरला. विमानतळावर मी रडकुंडीला आलो, तर म्हणाले, "तारीख चुकवू नकोस. आणि फोनवर तोंड उघडू नकोस."

पुढच्या वर्षी काका मिरजेत वारले. फोन आला तेव्हा पासपोर्ट माझ्या खिशात होता आणि बॅन कायम होता. मी वर्कशॉपचं शटर ओढून आत बसून राहिलो. तीन महिन्यांनी निकाल लागला : एक लाख दहा हजार, वजा भरलेले पाच. वर्कशॉपची यंत्रं विकून फेडले. बॅन उठला.

माझं भागलं. पण सेंटरच्या मालकाला मी चारदा जाऊन विचारलंय आणि चारही वेळा त्याने चहा मागवलाय. मला चहा नको. तीस वर्षं ज्याने तुझं दुकान चालवलं, त्याला तू कोणाच्या सांगण्यावरून आणि काय घेऊन काढलंस? ते माझ्यासमोर बोल.