खलनायकाचा रोजचा पंप

दवाखान्यातली औषधं संपतात, मागवावी लागतात. किस्से मात्र न मागवता येतात! चिमूरजवळच्या माझ्या छोट्या दवाखान्यात मी आणि शबाना सिस्टर दम्याच्या पेशंटना एकच गोष्ट सांगून थकलो: निळा पंप दम लागल्यावर, तपकिरी पंप रोज. बरं वाटत असलं तरी रोज! लोक नेमके बरं वाटलं की तो बंद करतात आणि मग एखाद्या दिवशी ओठ निळे पडलेला माणूस ऑटोत घालून आणतात. त्या ऑटोची मला खरंच भीती वाटते.

*

सखूबाई महिन्याने आल्या. तपकिरी पंप डब्यातून काढलेलासुद्धा नव्हता.

"काऊन नाई घेतला, बाई?" मी विचारलं.

"इतकी चांगली वस्तू रोज वापरून संपवू काय? पाहुण्यांच्या कपांसंगं आलमारीत ठेवली ना!"

शबाना म्हणाली, "मग रोज पाहुणे बोलवत जा!"

*

गडचांदूरहून सिमेंटचे ट्रक नेणारे रमेशभाऊ. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. पंपाआधी तो थुंकायचा आणि नंतर चूळ भरायची, हे ऐकूनच ते हवालदिल झाले. पुढच्या खेपेला तक्रार घेऊन हजर.

"मॅडम, पंप चांगला आहे, पण खर्रा खायाले टाइमच भेटून नाई राह्यला!"

शबानाने लगेच पुढच्या महिन्याचा पंप त्यांच्या हातात ठेवला!

*

बुधाभाऊंचा पंप वेळेत संपायचा, दम काही थांबायचा नाही. म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी पंप शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात दिला!

"अहो, दमा तुम्हाला आहे ना?"

"हो. पण माह्या नावाचे उपास बी बायकोच करते, मॅडम!"

*

आणि वासुदेवभाऊ. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या इकडच्या गावोगावी होणाऱ्या नाटकांतले नावाजलेले खलनायक. शेवटच्या अंकात हिरोची गोळी लागून तडफडत मरायचे. बरं वाटतंय म्हणून त्यांनी तपकिरी पंप सोडला होता. एका प्रयोगात मरता मरता खराच दम लागला. माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि पब्लिक ओरडतंय, "वन्स मोअर!"

ओळखलं फक्त त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी. निळा पंप घेऊन त्या थेट स्टेजवर चढल्या. त्यांनाही टाळ्या पडल्या!

तेव्हापासून तपकिरी पंप एक दिवस चुकला नाही. प्रमिलाबाई समोर उभ्या राहून द्यायच्या. दम लागणं थांबलं, भाऊंचा चेहरा खुलला, मला हायसं वाटलं.

नाटकांच्या सीझनच्या मध्यावर दोघं तपासणीला आले, सोबत नाटक कंपनीचे मॅनेजर. चेहरा पडलेला.

"मॅडम, भाऊचा पंप दोन दिवस बंद ठेवता येते काय? पहिल्यासारखा मरूनच नाई राह्यला! पब्लिक नाराज आहे."

मी तोंड उघडायच्या आत प्रमिलाबाई उठल्या.

"पंप बंद नाई होत. नाटक बदला!"

"अवो बाई, खलनायक आहे तो. त्याले मराच लागते!"

"काऊन? जेलात टाका ना त्याले!"

आता त्या नाटकाच्या शेवटच्या अंकात पोलीस येतात, आणि बेड्या घातलेला खलनायक जाता जाता दम न लागता पोटभर हसून घेतो.